लोकरीवरची अळिंबी

१९ जानेवारी

आज किलकेनीत आयर्लंडच्या मराठी मंडळाची संक्रांत झाली. व्हान्याकडून अर्धा दिवस मागून घेतला. व्हान्या म्हणजे आमच्या शेडची सुपरवायझर, बल्गेरियाची. दिवस देताना असं तोंड करते की जणू स्वतःची किडनी काढून देतेय, पण देते.

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं. सगळी कॉम्प्युटरवाली, नाहीतर हॉस्पिटलातले डॉक्टर. एकाने विचारलं, कुठे असतोस? म्हटलं, मशरूममध्ये. तो म्हणाला, अच्छा, स्टार्टअप आहे का, फंडिंग कुणाचं? म्हटलं, शेड आहे हो, खाली खत आणि वर मशरूम. मग त्याला कुणीतरी पलीकडून हाक मारली असावी, तो गेला.

मी दोन वड्या खिशात टाकून निघणार तेवढ्यात एक बाई मागून आल्या. तेहतीस-चौतिसाच्या असतील. म्हणाल्या, तुम्ही मशरूम म्हणालात का आत्ता? वरचा थर कशाचा देता? किती इंच? दिवसातून किती वेळा पाणी? मी उत्तरं देत गेलो. तिळगूळ हातात तसाच विरघळला. इथे येऊन सहा महिने झाले, माझ्या कामातलं काही कुणी विचारावं हे पहिल्यांदाच. त्यांचं नाव डॉ. पद्मिनी, नागपूरच्या. डॉक्टर म्हणजे सुईवाल्या नाहीत, शिकवतात. मला अहो-जाहो करत होत्या, मी म्हटलं, ताई, प्रताप म्हणा नुसतं.

इथे बोलणं साठत जातं म्हणून ही वही. आठवी नापास माणसाने वही लिहावी हा विनोदच आहे, पण वाचणारं कोण आहे?

२६ जानेवारी

ताई आज फार्म बघायला आल्या. मालकाने परवानगी दिली. आमच्याकडे जुनी माणसं अळिंबी म्हणायची, पावसाळ्यात आपोआप उगवायची, कुणी फोटोही काढायचं नाही. इथे तिची एवढी उस्तवार.

ताईंचं म्हणणं मला समजलं ते असं. मशरूमच्या खताला वरून दोन इंच पीटचा थर लागतो. पीट म्हणजे इथल्या दलदलीतून खणून काढतात ती काळी माती, पाणी धरून ठेवते. ती काढणं आता बंद होत चाललंय, दलदल संपतेय म्हणून. आणि दुसरीकडे या देशात मेंढ्या एवढ्या, पण लोकर कुणी घेत नाही, शेतकरी ती कुजवून टाकतात. तर लोकर धुऊन, बारीक कापून, झाडाच्या सालीत मिसळून पीटच्या जागी घालायची. जमलं तर मशरूमवाले वाचतील आणि दलदलही.

पण जमतं का हे बघायला ताईंकडे काही नाही. त्यांचं कॉलेज लहान. निम्मी पोरं निर्वासितांच्या सेंटरमधली, काही ट्रॅव्हलर घरांतली, म्हणजे इथले पूर्वापारचे फिरस्ते, आपल्याकडच्या भटक्यांसारखे. बहुतेकजण घरातले पहिलेच शिकणारे. ताई आठवड्याला अठरा तास घेतात आणि प्रयोगशाळा म्हणजे एक बेसिन. अशा कॉलेजांतल्या नव्या शिक्षकांसाठी एक ग्रँट असते, संशोधनाला. अर्ज करायच्या आधीपासूनच सोबत एक अनुभवी प्रोफेसरही मिळतो, हात धरून शिकवायला. अर्ज मार्चमध्ये. ताईंची नोकरी ऑगस्टअखेर संपते. कॉलेज म्हणालंय, ग्रँट आणलीत तर पुढची दोन वर्षं, नाही तर राम राम. नोकरी गेली की परमिटही गेलंच. हे सगळं त्यांनी बूट धुता धुता सांगितलं, हसत. हसणं खरं नव्हतं.

अर्जाला आधीचे थोडे आकडे लागतात. आठ ट्रे ठेवायचे, चार पीटचे, चार लोकरीचे. रोज सकाळी साडेसहाला, पाणी द्यायच्या आत, एकेकाचं वजन. किती घटलं त्यावरून किती पाणी उडालं ते कळतं. म्हणाल्या, रोज मला यायला जमणार नाही रे, तू घेशील का?

घेईन म्हटलं. त्यांनी विचारलं नसतं तरी घेतलं असतं.

१ फेब्रुवारी

ट्रे लागले. एक ते चार काळे, पाच ते आठ पांढरे. पांढरे ट्रे बघून मशरूम खुडणाऱ्या सगळ्या पिकर हसल्या. व्हान्या म्हणाली, यात मशरूम येणार की कोकरू? ताईंनी मला निळ्या पुठ्ठ्याची वही दिलीय आकड्यांसाठी. म्हणाल्या, वजनासमोर जे दिसेल ते लिही, कुठल्याही भाषेत. दार उघडं राहिलं, कुणी धक्का मारला, काहीही.

६ फेब्रुवारी

ताईंना मिळालेली प्रोफेसर आज आली. नोरीन नाव, सत्तरीची, रिटायर. स्लायगोहून तीन-चार तास गाडी हाकत आली, सोबत स्वतः भाजलेला ब्राऊन ब्रेड. मला वाटलं होतं ती ताईंचा अर्ज लिहून देईल. कसलं काय. एक ओळ लिहीत नाही. नुसती विचारते. असं का वाटतं? कशावरून? आणि तसं नसलं तर? ताई रडकुंडीला आल्या. मग ती ब्रेड कापून देते.

मलाही विचारलं. पांढरे ट्रे कडेने आधी का सुकतात, तुला काय वाटतं? माझं इंग्रजी मोडकं, पण सांगितलं, लोकर कडेला आकसते, फट पडते, फटीतून वारा. तिने ते लिहून घेतलं. माझं बोलणं एका प्रोफेसरने लिहून घेतलं, आणि खाली माझं नाव. आठवीत बाईंनी माझं नाव फळ्यावर लिहायचे प्रसंग वेगळे होते. हिलाही मी मनातल्या मनात बाईच म्हणतो.

१५ फेब्रुवारी

मशरूम दिवसात दुप्पट होतात, सकाळचं बटण संध्याकाळी बशी. सुट्टी नाही. वजनं रोज घेतोय. चौथ्या ट्रेवर कोळी होता, तेही लिहिलं. ताई म्हणाल्या, बाईंना कोळी फार आवडला.

२२ फेब्रुवारी

पियूषचा फोन आला. ओतूरला आमची घरं समोरासमोर. तो रिंगास्किडीला आहे, तिकडे बंदराला लागून औषधांचे कारखाने, हा त्यात साफसफाईला. म्हणतो, इकडे ये, गरम कपडे, कोरडी जागा, कँटीन. इथे मला सात महिने होत आलेत. एवढे दिवस मी कुठेच राहिलो नाही. नाशकात द्राक्षाला पाच महिने, दूध शीतकरण केंद्रात एक वर्ष तेवढं भरलं, मग भोसरी, मग कुरिअर. पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते. आठवड्याभरापासून शेडमध्ये जीव कोंडतोय. व्हान्याकडे चार दिवस मागितले. या वेळी दोन्ही किडन्या दिल्यासारखं तोंड केलं.

ताईंना काही बोललो नाही. चारच तर दिवस.

२७ फेब्रुवारी

परत आलो. तिकडे काही जमलं नाही. परमिट या फार्मच्या नावावर आहे, दुसरीकडे काम करता येत नाही. हे पियूषलाही माहीत होतं आणि मलाही. तरी समुद्र बघून आलो.

इकडे व्हान्या अजून वैतागलेली. सोमवारी, चोवीसला, एका लॉरीने रस्त्यावरचा खांब पाडला, आमच्या शेडची लाईट सात तास गेली, पंखे बंद, सगळं दमट. माझ्यावर अशी चिडली की जणू लॉरी मीच चालवत होतो.

निळ्या वहीत २३ ते २६ रिकामे. बसून भरून टाकले. त्यात काय विशेष, केंद्रावर हेच तर काम होतं. दुधाच्या टाकीचं तापमान दिवसातून सहा वेळा लिहायचं असायचं. कोण लिहितं सहा वेळा? महिन्याच्या शेवटच्या दिवशी चहा घेऊन बसायचं आणि अख्खा महिना भरायचा. कधी निळं पेन, कधी काळं. मध्येच एखादा आकडा खोडून पुन्हा लिहायचा, म्हणजे खरं वाटतं. साहेब म्हणायचे, प्रतापचं रजिस्टर म्हणजे आरसा. तपासणीला आलेल्यांनी एकदा शाबासकीही दिली होती.

आठ ट्रे, चार दिवस. मागचं घटणं बघून पुढचं टाकलं. पांढऱ्या ट्रेंना जरा सांभाळून घेतलं. ताईंची लोकर आहे.

४ मार्च

बाई पुन्हा आल्या. बूट चढवता चढवता दाराजवळचा फळा सगळा वाचला. त्यावर व्हान्या शेडचं रोजचं लिहिते, पंखे, पाणी, कुठलं दार अडकतं, आणि पंधरा-पंधरा दिवस पुसत नाही. बाईंना वाचनाची फारच आवड दिसते, ते गिचमिड कोण वाचतं?

ताईंनी लॅपटॉप उघडला तर म्हणाल्या, तो राहू दे, वही दाखव. पानं सावकाश उलटली. माझ्या शेऱ्यांवर हसल्या. ताई त्यांना इंग्रजीत करून सांगत होत्या, 'व्हान्या रागात, पाणी जास्त'. मग एका पानावर थांबल्या. मला विचारलं, चोवीस तारखेला सगळं ठीक होतं का? म्हटलं, ठीक. सगळं? सगळं. बाईंनी बोट त्या आकड्यांवरून खाली नेलं. मग वही मिटली आणि चहा मागितला.

चहा पिताना मला एकट्याला एक गोष्ट सांगितली. ताई तेव्हा फोनवर होत्या. बाई पंचवीस वर्षांच्या असताना डोंगरावर पाऊस मोजायच्या. एका थंडीत मापाचं भांडं गोठून फुटलं. पाच दिवसांचा पाऊस त्यांनी अंदाजे लिहिला. कुणी विचारलं नाही, ते छापून आलं, अजून कुठल्या कुठल्या पुस्तकात आहे. म्हणाल्या, मी खूप काम केलं, बक्षिसं मिळाली, पण दर जानेवारीत मला ते पाच दिवस आठवतात.

म्हातारी माणसं अशीच मधूनच काहीतरी सांगतात. मी म्हटलं, बाई, पाऊस काय, थोडा इकडेतिकडे होणारच. त्या म्हणाल्या, हं. आणि उरलेला ब्रेड मला बांधून दिला.

७ मार्च

ती पावसाची गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही. आज मशरूम काढताना दोनदा देठ तुटला. असं होत नाही माझं.

९ मार्च

ताईंनी आज जेवायला बोलावलं होतं. पाटवडीचा रस्सा केला होता, घाम फुटेल असा. म्हणाल्या, सात महिन्यांत घरचं खाल्लं नसशील. एवढं चांगलं जेवण मी इतक्या वाईट वेळेला खाल्लंय.

जेवल्यावर त्यांनी आलेख दाखवला, अर्जात घालायचा. काळी रेघ पीटची, निळी लोकरीची. सुरुवातीला निळी खाली खाली जाते, लोकर जास्त सुकते. मग मध्येच ती सावरते आणि काळीला गाठते. तिथून आलेख संपेपर्यंत दोघी शेजारी शेजारी, पुढचे आकडे अजून घालायचे होते. ताईंचा चेहरा असा झाला होता, मी लहानपणी बहिणीचा निकाल लागला तेव्हा पाहिला होता तसा. तिथे बोट ठेवून म्हणाल्या, बघ प्रताप, इथे. इथे लोकर मुरली. याच चार दिवसांवर माझा सगळा अर्ज उभा आहे.

मी खालच्या तारखा वाचल्या. तेवीस ते सव्वीस.

मला वाटत होतं मी रजिस्टर भरलं. मी तर लोकरीला जिंकवून ठेवलं होतं.

म्हटलं, "ताई, ते चार दिवस मी नव्हतो. पियूषकडे गेलो होतो. आकडे मनाने टाकले."

भांड्याच्या काठाला रस्सा लागला होता, तो ताई बोटाने पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुठले चार? नेमके सांग."

सांगितले.

"आणि बाकीचे?"

"बाकीचे खरे. देवाशपथ."

"देवाला मध्ये आणू नकोस. खरे आहेत की नाहीत?"

"आहेत."

त्यांनी माझ्यासमोर चारही दिवस काढून टाकले. निळी रेघ तुटली. उरली ती बावीसलाच थांबली, खालीच, काळीपासून चांगली लांब. मला वाटलं ओरडतील, हाकलतील. मला हाकलायचा चांगला अनुभव आहे, मी निघण्याची तयारीही केली. त्या म्हणाल्या, "ट्रेमध्ये लोकर अजून आहे ना?" म्हटलं, आहे. "मग उद्यापासून मी येते. निळी वही दे मला."

वही माझ्या पिशवीतच होती. दिली.

११ मार्च

ताई रोज सकाळी साडेसहाला हजर. गाडीने पंचवीस मिनिटं, मग परत कॉलेज, नऊचा तास. कोटावर कोट घालून ट्रे उचलतात, एकेक ट्रे नऊ-दहा किलोचा. मी पलीकडच्या रांगेत काढणीला. काल उचलायला पुढे झालो तर म्हणाल्या, नको, होतंय माझं. आवाज नेहमीचाच. तेच जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर फिट्टंफाट झाली असती.

व्हान्याने विचारलं, तुला काय झालं? सांगितलं सगळं. ती म्हणाली, आमच्याकडे सरकारी शेतावर असंच चालायचं, सगळा देश कागदावर भरभरून पिकायचा. मग मला कॉफी दिली. प्रेसमधली स्वतःची. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि व्हान्याच्या प्रेसला कुणी हात लावत नाही.

१३ मार्च

ताईंनी बाईंना फोनवर सांगितलं. मी जवळच होतो, ट्रेला पाणी देत. बाईंना धक्का वगैरे बसला नाही. फक्त विचारलं म्हणे, त्याने स्वतःहून सांगितलं का? ताई हो म्हणाल्या. मग बाई म्हणाल्या, चांगलं झालं, आता अर्ज लिहायला बसू. त्या वयात माणूस शांत होतो, कशाचं आश्चर्य वाटत नाही.

ताईंनी विचारलं, आता लिहू काय, लोकर पीटपेक्षा जास्त सुकते हेच दिसतंय. बाई म्हणाल्या, मग ते लिही. ती का सुकते हे शोधायला ग्रँट माग. कडेला आकसते, फट पडते, असं कुणीतरी म्हणालं होतं ना?

ते मी म्हणालो होतो. ताईंनी फोन कानाला ठेवून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून पहिल्यांदा.

१९ मार्च

अर्ज गेला. चार दिवस आकडे घेतलेले नाहीत असं त्यात स्वच्छ लिहिलंय. माझं नाव घातलं नाही. मी म्हटलं, घाला, चूक माझी आहे. ताई म्हणाल्या, प्रयोग माझा आहे. तुला कसं मोजायचं ते शिकवलं, का मोजायचं ते शिकवायचं राहिलं.

आजवर माझी चूक कुणी आपल्या अंगावर घेतली नव्हती. उलटं मात्र बरेचदा झालंय. हे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार?

२० एप्रिल

ईस्टर. आयर्लंडभर लोक मशरूम खातायत आणि आम्ही काढतोय. ताईंनी नव्या ट्रेंत लोकर दोन बोटं जास्त कडेला चढवलीय. रोज येतात. मी आता काही विचारत नाही. त्यांच्या यायच्या आधी वजनकाटा पुसून, सपाट जागी लावून ठेवतो. एवढं करू देतात.

पियूष म्हणाला, परमिटचे नऊ महिने होत आले की मालक बदलता येतो, ये इकडे. म्हटलं, बघू. त्याला वाटलं मी आजारी आहे.

१३ मे

ताईंची मुलाखत झाली, कॉम्प्युटरवर, समोर पाचजण. चार कोरे दिवस कसे राहिले हे त्यांनी विचारलंच. ताई म्हणाल्या, मोजणारा माणूस नव्हता आणि मी पर्यायी व्यवस्था केली नव्हती. एकजण म्हणाला, आधीचे आकडे फारच तोकडे आहेत. बाई शेजारच्या खोलीत बसून होत्या. मुलाखतीत तोंड उघडायला त्यांना परवानगी नव्हती, तरी स्लायगोहून आल्या. ताई म्हणाल्या, मला भिंतीपलीकडे त्यांचं खोकणं ऐकू येत होतं, तेवढ्यावर मी बोलले.

२९ मे

निकाल. मिळाली नाही. प्रतीक्षा यादीत दुसऱ्या.

काय लिहू? ते चार दिवस मी इथे असतो तर आकडे पूर्ण असते, तोकडे कुणी म्हणालं नसतं. ताईंना तसं म्हटलंही. म्हणाल्या, असतो-नसतोवर कुणी ग्रँट देत नाही, जा, कामाला लाग. पण गाडीत बसल्यावर बराच वेळ गाडी सुरू केली नाही. मी शेडच्या दारातून बघत होतो. जावं की नको कळेना. शेवटी व्हान्या गेली, काचेवर टकटक करून कॉफी दिली.

३० मे

साडेसहाला गाडी आली. मला वाटलं होतं आता कशाला येतील! आल्या. आठही वजनं घेतली.

८ जून

ताईंनी घर सोडायची नोटीस लिहून ठेवलीय, अजून दिली नाही. नागपूरला आई-वडिलांना सांगितलेलं नाही. वर्गातली एक विद्यार्थिनी, मार्गारेट, चाळिशीची, ट्रॅव्हलर घरातली, चार मुलांची आई, तिने ऑफिसात जाऊन विचारलं म्हणे, या बाई जाणार असतील तर माझी फी परत द्या. ताई हे सांगताना हसल्या. या वेळी खरं हसल्या.

मला परमिट बदलायचा अर्ज आता करता येतो. केला नाही. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. ऑगस्टपर्यंत तरी काटा पुसायला कुणीतरी हवं.

१९ जून

मिळाली.

पहिल्या यादीतल्या एकाने दुसऱ्या देशात नोकरी घेतली, प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला आधीच दुसरीकडून पैसे मिळालेले. ताईंचा नंबर लागला. काढणीच्या ऐन वेळेला ताईंचा फोन आला. हातात चाकू, दुसऱ्या हातात मशरूम, फोन खांद्यात. ताई बोलत काहीच नव्हत्या, नुसत्या नाक ओढत होत्या. मला आधी वाटलं कुणीतरी गेलं. मग म्हणाल्या, दोन वर्षं रे प्रताप, दोन वर्षं.

ताईंना थोडं अवघडल्यासारखं होतंय, दुसऱ्याच्या गळलेल्या जागेवर मिळाली म्हणून. बाईंना तसं म्हणाल्या तर बाई म्हणाल्या, तुला काय वाटतं, मला माझी पहिली ग्रँट कशी मिळाली? आभार मान आणि कामाला लाग.

मी आज कुणाकुणाचे आभार मानू? बाईंचे मानले फोनवर, मोडक्या इंग्रजीत. त्यांना म्हटलं, तुम्ही ती पावसाची गोष्ट सांगितली नसती तर मला ताईंना सांगायचं सुचलं नसतं, नशीब तुम्हाला नेमकी तीच आठवली. त्या जोरात हसल्या आणि मग खोकल्या. म्हणाल्या, हो, नशीबच. व्हान्याचेही मानले. ती म्हणाली, आभार नकोत, रविवारी ये कामावर. तो दुसऱ्या देशात गेलेला कोण आहे त्यालाही देव सुखात ठेवो. शेडमध्ये सगळ्यांना वड्या वाटल्या. दुकानातल्याच, पण वाटल्या.

१ जुलै

ताईंचा सकाळी फोन. उद्यापासून तीन दिवस त्या स्लायगोला, बाईंकडे. ग्रँटमधून वजन आणि ओलावा आपोआप नोंदवणारी यंत्रं येणार आहेत, ती कशी लावायची ते शिकायला. यंत्रं यायला अजून महिना आहे.

मी वाट बघत होतो की आता कुणाचं नाव सांगतील. मार्गारेट येईल असं मनात धरलं होतं, तिला ग्रँटमधून अर्धवेळ काम मिळालंय.

म्हणाल्या, "तीन दिवस वजनं तू घे. निळी वही काट्याखाली ठेवलीय."

घेतो म्हटलं. फोन ठेवला आणि काटा लगेच एकदा पुसून घेतला.

२ जुलै

सहालाच गेलो. काटा पुसला. एक, दोन, तीन, नीट लागले. काळे संपले, पांढरे सुरू. कडेला आता फट नाही, बोट घालून पाहिलं. आठव्या ट्रेपाशी आलो तर वरून ठिबकत होता. कालपासून एक नवीन पिकर आलीय, तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिने माझ्या आधी पाणी मारून ठेवलं होतं. ती बिचारी घाबरली. तिला म्हटलं, तुझी चूक नाही, मी फळ्यावर लिहायला हवं होतं.

आठव्याचं कालचं वजन समोर होतं. रोज किती घटतं ते आता मला झोपेतही सांगता येतं. दहा-वीस ग्रॅमपलीकडे चुकलो नसतो.

ताईंना फोन केला. सात वाजायचे होते, बाईंच्या घरी कुत्रा भुंकत होता. म्हटलं, ताई, आठव्याला आधीच पाणी पडलंय, वजन घेता येत नाही. पहिल्याच दिवशी असं झालं.

ताईंनी कुत्र्याला गप्प केलं.

"बाकीचे सात घेतलेस?"

"घेतले."

"मग सात पाठव."

सात पाठवले.